नमुन्याची गोळी

"हा माल कोणी पास केला?"

गोळ्यांची स्ट्रिप हातात पडली की काका ती आधी दुकानातल्या ट्यूबलाइटकडे धरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, चंदेरी कागदावर ठसवलेला बॅच नंबर ओठ हलवत वाचायचे आणि मग माझ्याकडे बघून हा प्रश्न विचारायचे. गोळ्या मी बनवत नव्हतो, कंपनी बनवत होती. मी नुसता खडकी बाजारात मेडिकल उघडून बसलेला, डिप्लोमा कसाबसा पदरात पडलेला माणूस. हे मी त्यांना एकदा ऐकवलंही. त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं.

"रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून ते नाव कोणाचं आहे?"

म्हटलं, माझं.

"मग तुम्ही पास केला."

तेव्हापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, की इतर गिऱ्हाइकांसारखं शेठ म्हटलं नाही. फार्मासिस्ट म्हणत. आख्ख्या खडकीत मला असं म्हणणारे ते एकटेच, आणि ती हाक ऐकली की मला तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखं वाटायचं. त्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो, ते त्यांना माहीत नव्हतं. पण संशय असावा.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. दुधाची पिशवी दाबून बघणारी, मंडईत प्रत्येक टोमॅटो उलटा करणारी. पण त्यांना संशय असतो फसवणुकीचा. काकांचं तसं नव्हतं. फसवायलाही थोडी हुशारी लागते आणि ती लोकांत एवढी पसरलेली असेल असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांचा संशय होता ढिलाईवर. कोणीतरी, कुठेतरी, जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत शिक्का मारलाय, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

त्याला कारण होतं. चिंचवडच्या पुढे विजेचे फ्यूज बनवणाऱ्या एका कंपनीत ते पंचवीसेक वर्षं तपासनीस होते. रोज खडकीहून लोकलने जायचे. मग बाहेरचा माल स्वस्त यायला लागला आणि कंपनीने स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले. ते कागद त्यांनी म्हणे चार दिवस वाचले, 'स्वेच्छा' या शब्दाखाली रेघ मारली आणि मग सही केली. नोकरी गेली, ब्लडप्रेशर मागे राहिलं. त्याची गोळी रोज सकाळी एक, आणि ती गोळी माझ्या दुकानातून.

"फ्यूज तपासतात कसा, माहितीये का?" एकदा त्यांनी विचारलं.

मला घरातला फ्यूज उडाला की वायरमनला हाक मारता यायची, एवढंच ज्ञान.

"उडवून," ते म्हणाले. "तपासलेला फ्यूज कामाचा राहत नाही. आणि कामाचा असतो तो तपासलेला नसतो. तुमच्या गोळ्यांचं तेच. जी तपासली ती कोणी खाल्ली नाही. जी मी खाणार ती कोणी तपासली नाही."

मी त्यांची स्ट्रिप पाकिटात घालून दिली.

खोक्यातला तो घडीघडीचा कागद असतो ना, मुंगीच्या अक्षरातला, तो ते काउंटरवर उभे राहून पूर्ण वाचत. मागे रांग. एकदा मी म्हटलं, काका, एवढं वाचून कोणी औषध घ्यायला लागलं तर मला दुकान बंद करावं लागेल. त्यांनी कागदाची शांतपणे घडी केली. "आमच्या वडिलांनी न वाचता एका कागदावर अंगठा दिला होता, म्हणून गावची जमीन गेली. बाबासाहेबांनी आम्हाला वाचायला लावलं. मी न वाचता गोळीसुद्धा घेत नाही." आणि मागे वळून रांगेला म्हणाले, "थांबा दोन मिनिटं. तुमच्याही फायद्याचं आहे."

तो काळ असा होता की दर दोन महिन्यांनी एकाच औषधाच्या चार नव्या कंपन्या यायच्या. औषध तेच, खोकं वेगळं, रंग वेगळा. नेहमीची पांढरी गोळी मिळेना म्हणून मी त्यांना एकदा गुलाबी दिली. ती त्यांनी ट्यूबलाइटकडे धरली आणि तशीच धरून ठेवली. मी सांगितलं, सेम आहे, काही फरक नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही खाल्लीये?

इथे शहाण्या माणसाने हसून विषय बदलला असता. मी स्ट्रिप फोडली, एक गोळी काढली आणि त्यांच्यासमोर पाण्याबरोबर गिळली. माझं वय तीस, वजन पन्नास किलो, ब्लडप्रेशर मुळातच कमी. तासाभराने खालच्या फळीवरचं खोकं काढायला वाकलो, उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ग्लुकोजच्या डब्यांची मी सकाळीच हौसेने रचलेली उतरंड घेऊन मी खाली आलो. हा मूर्खपणा कोणी करू नये, मी फार्मासिस्ट असून केला. समोरच्या चहावाल्याने तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले तर काउंटरवरून वाकून काका बघत होते. ते गेलेच नव्हते. बाहेरच्या बाकावर घड्याळ लावून बसले होते.

"गोळीत दम आहे," ते म्हणाले.

मी आडवाच होतो. म्हटलं, मग आता घ्याल ना?

"एका नमुन्यावर लॉट पास होत नाही," असं म्हणून ते गेले. चहावाला मला म्हणाला, काय नमुना आहे. मला वाटलं माझ्याबद्दलच बोलतोय.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढची गोष्ट मी बारा वर्षं कोणाला सांगितली नाही.

तो गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी वीज जाते. ट्यूबलाइट बंद, दुकानात अंधार, दारात गर्दी. काकांनी सवयीने स्ट्रिप वर धरली, वर बघितलं, उजेड नव्हता. "घरी बघतो," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले. चार गिऱ्हाइकं होती. ते बाजूला उभे राहिले, आणखी दोघं आली, त्यांनाही पुढे जाऊ दिलं. दुकान रिकामं झाल्यावर खिशातून स्ट्रिप काढून माझ्यासमोर ठेवली.

"हा माल माझा नाही."

मी बघितलं. नावात एका अक्षराचा फरक. ब्लडप्रेशरच्या गोळीऐवजी मी साखरेची गोळी दिली होती. आणि काकांना मधुमेह नव्हता. साखर नसलेल्या माणसाने ती उपाशीपोटी घेतली तर काय होतं, हे दोनदा नापास झालेल्यालाही ठाऊक असतं.

"हा माल कोणी पास केला?"

कंपनी, अंधार, डॉक्टरांचं अक्षर, सगळं तोंडात आलं होतं. त्यातलं काही बाहेर पडलं नाही. "मी," म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "आमच्याकडे एवढं बोलायला माणसाला तीन मेमो लागायचे."

मी बरोबर गोळ्या दिल्या, त्यांनी उजेडात धरून वाचल्या आणि ते गेले. मग मी ती चुकीची स्ट्रिप उचलली. दहाची होती. आत नऊच गोळ्या होत्या. एक खण फाडलेला.

खाल्ली तर नव्हती, नाहीतर असे चालत आले नसते. मग कुठे गेली? माझ्या मनाने लगेच उत्तर दिलं : पुरावा. त्या माणसाने एक गोळी ठेवून घेतली आहे. उद्या तक्रार करायची झाली, लायसन्स घालवायचं झालं, तर ती गोळी पुरे.

त्या दिवसापासून संशय घेण्याचं काम काकांकडून माझ्याकडे आलं. ते आले की मी हातातलं काम टाकून उठायचो. स्टूल द्यायचो. त्यांनी सहज जरी "फार्मासिस्ट" म्हटलं तरी पुढचं वाक्य काय येतंय याची धास्ती. एखाद्याची एक गोळी तुमच्याकडे असेल तर तो माणूस किती गोड वागू शकतो, ते त्या वर्षांत माझ्या दुकानात येऊन बघायला हवं होतं.

आणि याच काळात त्यांचं ब्लडप्रेशर काही केल्या खाली येईना. कोपऱ्यावरचे डॉक्टर चक्रावले. गोळी वेळेवर घेता ना, असं त्यांनी विचारलं, काकांनी हो म्हणून सांगितलं. काका खोटं बोलत नसत, हे डॉक्टरांनाही माहीत होतं. मग डॉक्टरांना माझ्या मालाचा संशय आला. त्यांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं, कंपनी बदला. मला डॉक्टरांच्या मशीनचा संशय आला, पण मी कंपनी बदलली. महिन्याने प्रेशर आणखी वर. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा नवी कंपनी. तिघांचाही एकमेकांवर संशय, आणि तिघंही अतिशय सभ्यपणे नमस्कार करत होतो.

एक गोष्ट फक्त मला दिसत होती. नव्या कंपनीच्या गोळ्या नेल्या की पुढच्या खेपेला काका बरोबर आठ दिवस उशिरा यायचे. एकदा, दोनदा, तीनदा. म्हणजे आठ दिवस गोळी पोटात जात नव्हती. इतर कोणी असता तर मी काउंटरवरच झापला असता. माझ्या तोंडाची ख्याती होती तशी. पण काकांना विचारायला गेलो की तो फाडलेला खण डोळ्यांसमोर यायचा. तुम्ही गोळ्या चुकवता, असं मी म्हटलं आणि ते म्हणाले की तुम्ही काय चुकवलं होतंत, मग? मी मुकाट्याने गोळ्या देत राहिलो. तारखा दिसत होत्या, आणि मी स्टूल पुसून देत होतो.

त्यांची एकुलती एक मुलगी तोवर हिंजवडीला लागली होती. कंपनीची बस तिला सकाळी स्टेशनपाशी उचलायची. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे हे काकांनी मला जितक्या वेळा सांगितलं, तितक्या वेळा दुसरं काही सांगितलं नाही. "तिचा माल फुटत नाही, जळत नाही, हातात धरता येत नाही. तरी तपासतात," ते म्हणायचे. जगाबद्दल त्यांना वाटलेलं तेवढंच एक समाधान.

मग एक सकाळ. डॉक्टरांनी पुन्हा कंपनी बदलून आठवडा झाला होता. काका डोकेदुखीची गोळी घ्यायला आले. मी स्ट्रिप दिली. त्यांनी ती ट्यूबलाइटकडे उचलली आणि ती हातातून पडली. मी उचलून दिली. पुन्हा पडली. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कोणाच्या हाताकडे बघावं तसे. डाव्या हाताने चष्मा वर करायला गेले, तो नाकावर तिरका झाला. म्हणाले, "हा मा..." पुढचा शब्द आला नाही. ओठ एका बाजूला उतरला होता.

दुकान उघडं टाकून मी त्यांना रिक्षात घातलं. रिक्षात ते माझा हात डाव्या हाताने धरून होते, आणि मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता. कारण तो आठवा दिवस आहे, हे मला माहीत होतं.

हॉस्पिटलात चार दिवसांनी जीभ वळायला लागली. शब्द जाड यायचे, पण यायचे. मुलगी चहा आणायला खाली गेली तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं जे विचारायचं टाळलं ते विचारलं. काका, नवी गोळी आली की आठ दिवस काय करता?

"निरीक्षण," ते म्हणाले.

नवी गोळी ते बशीत काढून खिडकीत ठेवत. रंग बदलते का, फुगते का, बुरशी धरते का. आठ दिवसांत काही झालं नाही तर लॉट पास. त्यानंतर सुरू.

"आणि तोवर?"

"तोवर कशी घेणार? तपासणीत असलेला माल वापरत नाहीत."

आणि मग तेही कळलं. प्रत्येक स्ट्रिपमधली पहिली गोळी ते नमुना म्हणून काढून ठेवत. दहा दिवसांच्या दहा गोळ्या, त्यातली एक डब्यात, म्हणजे त्या दिवशी पोटात काही नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, वेळेवर घेता ना? ते घेत होते. घ्यायच्या त्या दिवशी अगदी वेळेवर.

मी विचारलं, नमुना कशाला? त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. कंपनीत असताना एका गिरणीत पॅनेलला आग लागली. एक माणूस दोन्ही हातांनी भाजला. सगळे म्हणाले फ्यूज उडाला नाही, आणि त्या लॉटवर सही यांची. चौकशी बसली. यांनी त्या लॉटचा एक फ्यूज नमुना म्हणून कपाटात ठेवला होता. तो लावून बघितला, तो बरोबर उडाला. मग गिरणीत शोधलं तेव्हा कळलं, तिथे कोणीतरी फ्यूज काढून साधी तार घातली होती.

"नमुना नसता," ते म्हणाले, "तर त्या माणसाचे हात आयुष्यभर माझ्या नावावर."

गोळी रोज घ्यावी लागते, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, मुलीने इंटरनेटवरून कागद काढून दाखवले होते. मी त्यांच्या तपासनिसाच्या खुर्चीतून विचार करून पाहिला. म्हटलं, काका, कंपनीत दर खोक्यातून नमुना काढायचात की दर लॉटमधून?

"लॉटमधून."

"मग स्ट्रिप म्हणजे खोकं. बॅच नंबर म्हणजे लॉट. लॉट एक, नमुना एक. तो मी तुम्हाला जादा देईन. आणि निरीक्षण दुकानात होईल, तुमची जुनी गोळी संपायच्या आधी."

ते छताकडे बघत राहिले. तिथे ट्यूबलाइट होती. मग म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं?" आणि माझ्याकडे मान वळवून, "तुम्हाला तारखा दिसत होत्या ना, फार्मासिस्ट?"

"दिसत होत्या."

"मग विचारलं का नाही?"

म्हटलं, दुकानात गर्दी असते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बॅच नंबर वाचताना बघत तसं.

त्यानंतरची सहा वर्षं माझ्या काउंटरवर औषधांच्या शेजारी एक बशी असायची, बशीत एक गोळी. लोक विचारायचे, हा नैवेद्य कोणाला? काका काठी टेकत यायचे, बशीत वाकून बघायचे, "चालेल" म्हणायचे, नमुना डाव्या हाताने खिशात टाकायचे. एक दिवस चुकला नाही. प्रेशर खाली आलं, तेव्हा डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं, आता ही कुठली कंपनी दिलीत? म्हटलं, तीच. त्यांचा विश्वास बसला नाही.

त्या खिशात जाणाऱ्या प्रत्येक गोळीबरोबर मला ती जुनी गोळी आठवायची. आता मला पक्कं माहीत होतं की ती आहे, डब्यात आहे, तारीख घालून आहे.

सातव्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ते गेले. ब्लडप्रेशर शेवटपर्यंत ठीक होतं, मुलीने मुद्दाम सांगितलं. महिन्याभराने ती सुट्टीच्या दिवशी दुकानात आली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला. "दादा, बाबांनी सांगितलं होतं, हा फार्मासिस्टलाच द्यायचा." मग जरा अडखळून म्हणाली, "त्यांचा तुमच्या गोळ्यांवर विश्वास नव्हता का?"

म्हटलं, कोणाच्याच गोळ्यांवर नव्हता. आणि डबा उघडला.

आत वह्यांच्या कागदाच्या पुड्या, तारखेप्रमाणे, उभ्या लावलेल्या. प्रत्येकीवर गोळीचं नाव, बॅच नंबर. वर एक कागद, त्यांच्या सरळ अक्षरातला, उजवा हात चालत होता तेव्हाचा :

'मला काही झाल्यास प्रथम या गोळ्या तपासून घ्याव्यात. तपासल्याशिवाय दुकानदारास दोष देऊ नये.'

मी तो दोनदा वाचला. मुलगी बाजूने वाचत होती. मग मी बोटाने पुड्या चाळत त्या गुरुवारापर्यंत गेलो. पुडी होती. मी ती उचलली, तेव्हाच कळलं. उघडली. आत काही नव्हतं.

मुलीने ती माझ्या हातातून घेतली आणि तिच्यावरचं मोठ्याने वाचलं. "गुरुवार. वीज नव्हती. पुडीवर नाव लिहिताना लक्षात आले, माल चुकीचा. नमुना काढला." खाली वेगळ्या शाईत, दुसऱ्या दिवसाची तारीख. "चूक सांगताच मान्य केली. नमुना नष्ट."

तिने पुडी उलटसुलट करून पाहिली, मग माझ्याकडे बघितलं. तिचा आवाज काही वडिलांसारखा नव्हता. प्रश्न मात्र तोच होता.

"दादा, हा माल कोणी पास केला होता?"

"मी," म्हटलं.

तिने पुडी तिच्याच घड्यांवर पुन्हा मिटली आणि गुरुवारच्या जागी उभी ठेवली.

"बरं," ती म्हणाली.